फुग्यांतली अक्षरं

पोलीस आले तेव्हा मी ओट्यावर बसून पेपरांच्या घड्या घालत होते. फौजदार स्वतः आले होते. सोबत दोन हवालदार आणि एक रिकामं पोतं.

"द्वारका वाणी तुम्हीच ना?"

त्यांना ते माहीत होतं. रोज सकाळी त्यांच्या घरचा पेपर माझ्याच हातून जायचा. तरी मी "हो" म्हटलं, कारण विचारण्याची रीतच तशी होती.

"पोरांना ती चित्रांची पुस्तकं तुम्हीच वाचायला देता?"

"हो. आत आहेत."

पुढच्या खोलीत मी भिंतीला सुतळ्या बांधल्या होत्या आणि कॉमिक्स मधोमध उघडून त्यांवर टांगली होती. हवालदार एकेक काढून पोत्यात टाकू लागला. मग कंटाळला आणि सुतळीसकट ओढू लागला.

"साहेब, झालं काय?"

"काल वसतिगृहाच्या कोठीवर दरोडा पडला. तोंडाला काळी फडकी बांधून आत शिरले. चौकीदाराचं डोकं फुटलंय." त्यांनी खाकी पिशवीतून एक कॉमिक काढून माझ्यापुढे धरलं. मुखपृष्ठावर काळा मुखवटा घातलेला घोडेस्वार होता आणि कोपऱ्यात माझ्या वाचनालयाचा शिक्का. "दोघं सापडलेत. त्यातल्या एकाच्या पेटीत हे होतं."

"कोण दोघं?"

"डोंगरातल्या पावऱ्यांची पोरं. जामसिंग आणि खेमा."

मी हातातला पेपर खाली ठेवला. फौजदार माझ्याकडे बघत होते. मला धक्का बसला याचा त्यांनी काय अर्थ लावला कोण जाणे.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचं तालुक्याचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. नवरा गेल्यावर त्याची पेपरची एजन्सी मी चालवायला घेतली. बसस्टँडवर स्टॉल होता आणि घरी हे बालवाचनालय. गावातली मुलं कॉमिक्स भाड्यानं घरी न्यायची. वसतिगृहातली मुलं फक्त रविवारी यायची आणि ओट्यावर बसूनच वाचायची. त्यांच्याकडे मी कधी काही मागितलं नाही.

जामसिंग सातवीत होता. डोंगरात, रस्ता संपतो त्याच्याही पुढे त्याचं पाड्यावरचं घर. घरी पावरी बोलायचे. शाळेतलं मराठी त्याच्या डोक्यावरून जायचं, आणि मास्तर त्याला मठ्ठ म्हणायचे. पण चित्रातल्या माणसाच्या तोंडाजवळ जो फुगा काढलेला असतो, त्यात काय लिहिलं असेल हे त्याला चित्र बघून अर्धं कळायचं. उरलेलं तो अक्षराला अक्षर लावून काढायचा. वर्षभरात तो इतका सराईत झाला की बाकीची मुलं त्याच्याभोवती बसायची आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. राक्षसाचा आवाज वेगळा, राजकन्येचा वेगळा. एक तोटा मात्र झाला. त्याचं सगळं मराठी त्या फुग्यांतलं होतं. एकदा उन्हातून आला आणि म्हणाला, "मावशी, मी तहानेनं व्याकूळ झालो आहे." मी हसले. मी का हसले ते त्याला कळलं नाही, पण मला हसवण्यासाठी तो पुढे मुद्दाम तसं बोलायचा.

एका रविवारी मी त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. त्यानं अर्धी खाल्ली आणि अर्धी सदऱ्यात घातली.

"ती कशाला ठेवलीस?"

"खेमाकरता."

"त्याला वसतिगृहात जेवायला नाही का?"

"रविवारी संध्याकाळी चूल पेटत नाही," तो म्हणाला. पावसाळ्यात नदीला पाणी असतं, हे सांगावं तसं सांगितलं त्यानं.

मी तेव्हाच वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे, बोरसेंकडे गेले होते. ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "द्वारकाबाई, या पोरांना कितीही घाला, पुरत नाही. तुम्ही पेपर सांभाळा." सरकारी धान्याची गाडी वसतिगृहात उतरायची आणि त्यातली बरीच पोती संध्याकाळी बोरसेंच्या मेहुण्याच्या दुकानी जायची. हे बाजारातल्या हमालांपासून मामलेदारांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी डबा घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. दोघं व्हरांड्यात भिंतीशी बसले होते. खेमा लहानखुरा होता. तो गुडघ्यात डोकं घालून झोपला होता. मला बघून जामसिंग उठला.

"मावशी, तुम्ही मला नेऊ दिलेलं पुस्तक परत करायचं राहिलं."

"ते राहू दे. आधी खा."

त्यानं खेमाला उठवलं. दोघं खाऊ लागले. हवालदार दुसरीकडे बघत विडी ओढत होता.

"तोंडाला फडकी कशाला बांधलीत रे?" मी हळूच विचारलं.

"कोठीत मिरच्यांची पोती आहेत. आत गेलं की ठसका लागतो. ओलं फडकं बांधलं की लागत नाही. मिरच्या कांडताना माझी आई बांधते."

"आणि काळं?"

"तुटक्या छत्रीचं होतं. दुसरं नव्हतं."

"चौकीदाराला, सुपडूबाबांना, मारलंत तुम्ही?"

त्याचा घास थांबला. "नाही मावशी. बाबा आमच्यामागे धावले आणि पायरीवरून पडले. रक्त आलं. आम्ही त्यांना उचलायला परत आलो, तेव्हाच बोरसे सर बाहेर आले." मग म्हणाला, "खेमा पळू शकला असता. मीच त्याला बोलावलं. बाबा जड आहेत."

"घेतलंत काय?"

"मी गूळ घेतला. यानं खिशात शेंगदाणे भरले. ते पोलिसांनी काढून घेतले."

खेमा एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलला. "कच्चेच होते," तो म्हणाला.

संध्याकाळी मी सुपडूबाबाकडे गेले. डोक्याला पट्टी बांधून तो खाटेवर पडला होता. त्याला मी सगळं विचारलं. "बाई, अंधार होता," तो म्हणाला. "मला दिसलं नाही." त्याची सून दाराशी उभी होती. त्याची नोकरी बोरसेंच्या हातात होती. मी उठून आले.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली. कॉमिक्सच्या नादानं शाळकरी मुलांचा दरोडा, मुखवटे बांधून चौकीदारावर हल्ला. ते पेपर मीच घरोघर टाकले.

त्या आठवड्यात गावाला जणू ताप भरला. कुणाचा मुलगा बापाला उलटून बोलला होता, कुणाच्या मुलीचे गणितात मार्क कमी झाले होते, कुणाच्या घरातलं भांडं हरवलं होतं. सगळ्याचं कारण एकदम सापडलं. बायका माझ्या ओट्याजवळून जाताना मुलांचा हात घट्ट धरायच्या. काल-परवापर्यंत याच बायका, दुपारी मुलं शांत बसतात म्हणून, स्वतः कॉमिक्स न्यायला यायच्या.

शाळेच्या मैदानात सभा ठरली. सभेला पुढाकार होता नेवेबाईंचा. त्या कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चौथीत मला त्यांनीच शिकवलं होतं. पांढरं पातळ, चष्मा, सरळ चालणं. गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे, आणि त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं. मी सभेच्या आधी त्यांच्या घरी गेले आणि पोलीस ठाण्यात जे ऐकलं ते सगळं सांगितलं. मिरच्यांचं, छत्रीचं, रविवारच्या चुलीचं.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "द्वारका, मला माहीत आहे."

"माहीत आहे?" मी विचारलं.

"सगळं नाही, पण पुष्कळसं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आता तू नीट ऐक. धान्याचा विषय काढला तर चौकशी लागेल. चौकशी लागली की पहिलं काय होईल? अनुदान थांबेल. वसतिगृह बंद पडेल. तिथली सगळी मुलं डोंगरात परत जातील आणि पुन्हा कधी खाली येणार नाहीत. पुस्तकांचा विषय काढला तर फक्त पुस्तकं जातील."

"आणि ही दोघं?"

"त्यांच्यासाठीच करते आहे. मी वकिलांशी बोलले. मुलं वाचनाच्या प्रभावाखाली होती असं म्हटलं तर मॅजिस्ट्रेट समज देऊन सोडतील. चोरीच्या इराद्यानं गेली असं ठरलं तर वर्षानुवर्षं सुधारगृहात काढतील. तुला काय हवंय?"

"बाई, पण ती उपाशी होती."

"बोरसेंशी मी स्वतः बोलेन. सभा होऊन जाऊ दे."

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

नेवेबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुझं नुकसान होईल, मला कळतं. पण ती पुस्तकं काही फार चांगली नव्हती, हे तूही कबूल करशील."

सभेत मी मागे उभी राहिले. बोरसे बोलले. मुलांना आपण पोटच्या पोरांसारखं सांभाळतो आणि बाहेरचं विष त्यांना बिघडवतं, असं म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना ते खरंही वाटत असावं. नेवेबाई थोडंच बोलल्या. मग मुलांच्या रांगा आल्या. प्रत्येकाच्या हातात एखाददुसरं कॉमिक, आणि ज्याच्याकडे नव्हतं त्यानं घरातून काहीतरी आणलेलं, कुणी दिवाळी अंक, कुणी जुनं पंचांग. पोलिसांनी माझं पोतं आणलं. पंचनाम्याला लागणारं एकच त्यांनी ठेवून घेतलं होतं. गुळगुळीत रंगीत कागद लवकर पेटत नव्हता. शेवटी कुणीतरी रॉकेल आणलं.

वसतिगृहातली मुलंही रांगेत उभी होती. जामसिंगचं वाचन ऐकायला दर रविवारी पुढे बसायची ती. कडाक्याची थंडी होती. जाळ मोठा झाला तशी ती हळूहळू जवळ सरकली आणि हात शेकू लागली. गुरुजींनी त्यांना मागे ओढलं.

दोघं जवळजवळ महिनाभर जिल्ह्याच्या रिमांड होममध्ये होते. तारखेच्या दिवशी मी पहिल्या एस.टी.नं गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. नेवेबाई वकिलांबरोबर आधीच पोचल्या होत्या. बोरसेही होते. बालन्यायालय म्हणजे एक साधी खोली होती. टेबलामागे वयस्क, शांत चेहऱ्याचे मॅजिस्ट्रेट. बाहेर व्हरांड्यात डोंगरातली माणसं बसली होती. त्यांत एक उंच, काटक माणूस होता, डोक्याला लाल फेटा. शेजारी परकर नेसलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. जामसिंगचा बाप गुमान आणि बहीण मोगी. मोगीला जूनमध्ये शाळेत घालणार आहेत, असं जामसिंगनं मला कितीदा तरी सांगितलं होतं.

वकील बोलून झाल्यावर मी उभी राहिले. "साहेब, मला काही सांगायचंय."

"आपण कोण?"

"ती पुस्तकं माझी होती."

मॅजिस्ट्रेटनी मान हलवली. मी म्हटलं, "साहेब, या मुलांनी पुस्तकात बघून काही केलेलं नाही. ही मुलं उपाशी होती. वसतिगृहात त्यांना पोटभर मिळत नाही. म्हणून ती कोठीत शिरली."

बोरसे शांतपणे म्हणाले, "साहेब, मुलं समोरच आहेत. त्यांनाच विचारावं."

मॅजिस्ट्रेट पुढे वाकले. त्यांचा आवाज खरंच मायेचा होता. "बाळ, घाबरू नकोस. वसतिगृहात तुला पोटभर जेवण मिळायचं का?"

जामसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं आणि व्हरांड्यातला लाल फेटा तेवढा दिसत होता.

"मिळायचं," तो म्हणाला.

"मग असं का केलंस?"

"मुखवटेवाल्याचं पुस्तक वाचून केलं. त्याचा आमच्या मनावर वाईट परिणाम झाला."

एकही अक्षर अडखळलं नाही. ओट्यावर बसून फुगे वाचायचा तशाच स्वच्छ आवाजात त्यानं ते म्हटलं. खेमानं नुसती मान डोलावली.

मॅजिस्ट्रेट माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. "बाई, तुमचा तो व्यवसाय आहे. तुमची अडचण मी समजू शकतो. पण मुलांच्या भवितव्याचा प्रश्न असतो तेव्हा आपण जपून बोलावं."

मी खाली बसले.

समज देऊन दोघांना घरच्यांच्या ताब्यात दिलं. बाहेर आल्यावर नेवेबाईंनी बोरसेंना थांबवलं. "सोमवारपासून यांना परत घ्यायचं. तुम्ही मला शब्द दिलाय."

"बाई, मी दिला होता," बोरसे म्हणाले. "पण कमिटी ऐकत नाही. बाकीच्या मुलांवर परिणाम होईल म्हणतात. आता तुम्हीच सभेत सांगितलंत ना, ही कीड पसरते म्हणून."

नेवेबाई वळून बसस्टँडकडे चालू लागल्या. त्यांना एस.टी.त चढताना मी हात दिला. आख्खा रस्ता आम्ही शेजारी बसून आलो.

दोन दिवसांनी सकाळी गुमान माझ्या ओट्याशी आला. मागे जामसिंग आणि मोगी. वसतिगृहातून पेटी घेऊन ते डोंगरात निघाले होते. गुमाननं पेटी खाली ठेवली, उघडली, आतून पुस्तकांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे मांडला. भूगोल, गणित, मराठी वाचनमाला, वह्या. सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली.

"बाई, तुमची पुस्तकं," तो म्हणाला. "मोजून घ्या."

"गुमानभाऊ, ही माझी नाहीत. ही शाळेची आहेत. त्याची आहेत."

"पुस्तकंच ना?"

"हो, पण ती वेगळी. ती गावानं जाळली सगळी. ही अभ्यासाची."

त्यानं गठ्ठ्याकडे पाहिलं. वेगळेपणा त्याला दिसत नव्हता, आणि कुठून दिसावा. "साहेबासमोर हा बोलला, मी ऐकलं," तो म्हणाला. "पुस्तकानं केलं म्हणाला. माझं पोरगं चोर नव्हतं, बाई. डोंगरात कुणाच्या झाडाचा आंबा विचारल्याशिवाय उचलत नव्हतं. पुस्तकाच्या आधी असं नव्हतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्यावरही नव्हता. मोगीला तहान लागली होती. तो तिला घेऊन समोरच्या हापशावर गेला.

मी जामसिंगला जवळ ओढलं. "का रे तसं बोललास? तिथं विचारलं होतं तुला. खरं सांगायचं."

"नेवेबाईंनी शिकवलं होतं. असं बोललं तर घरी सोडतील म्हणाल्या."

"पण मी सांगितलं होतं ना. मॅजिस्ट्रेट ऐकत होते."

तो हापशाकडे बघत होता. त्याचा बाप दांडा मारत होता आणि मोगी ओंजळ धरून उभी होती.

"बापू बाहेर बसला होता," जामसिंग म्हणाला. "त्यानं मला बोरसे सरांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांच्या पायाला हात लावला होता. आम्ही उपाशी होतो हे कळलं तर तो कोयता घेऊन त्यांच्याकडे जाईल. मग बापू जेलात जाईल." मग त्याचा तो पुस्तकी आवाज गेला आणि साधा, मुलाचा आवाज आला. "मावशी, तुम्ही त्याला सांगू नका."

"अरे, तो तुला चोर समजतोय."

"समजू द्या."

गुमान परत आला. मी त्याच्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं, कारण मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि त्यानं त्याच्या बापाला जितकं ओळखलं होतं तितकं मी ओळखत नव्हते. एवढंच म्हटलं, "गुमानभाऊ, मोगीला तरी जूनमध्ये घाला शाळेत. मी बघेन तिच्याकडे. माझ्याकडे राहील, माझ्या घरी."

"नाही बाई," तो म्हणाला. "एक गेलं ते पुरे."

मोगी ओट्याला टेकून उभी होती. गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक तिनं उघडलं होतं आणि त्यातल्या बैलगाडीच्या चित्रावरून ती बोट फिरवत होती, ओठ हलवत, काहीतरी स्वतःशीच म्हणत. गुमाननं हळूच पुस्तक तिच्या हातून काढून घेतलं, मिटलं आणि बाकीच्यांवर ठेवलं. मग फेट्याचं टोक घेऊन तिची बोटं एकेक करून पुसली.

जामसिंगनं रिकामी पेटी डोक्यावर घेतली. तिघं डोंगराच्या रस्त्याला लागले.

ती पुस्तकं मी नेवेबाईंकडे पोचवली. त्यांनी ती कपाटात ठेवली. पुढे त्या फारशा बाहेर पडत नसत. वसतिगृह चालू राहिलं, पण त्या जूनमध्ये वरच्या पाड्यांवरून नवी मुलं आली नाहीत, आणि होती त्यांतली पुष्कळ दिवाळीला गेली ती परतली नाहीत. खाली पुस्तकं पोरांना बिघडवतात, ही बातमी डोंगरात आमच्या पेपरांपेक्षा लवकर पोचली होती. बोरसे निवृत्त झाले तेव्हा त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याचीही बातमी मीच वाटली. वाचनालय मी पुन्हा सुरू केलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या खाली उतरायच्या दिवसांत, मी स्टॉलवर होते. एक माणूस समोर येऊन उभा राहिला. उंच, काटक, डोक्याला लाल फेटा. खांद्यावर गाठोडं, मागे बायको आणि तिच्या कडेवर मूल. क्षणभर मला वाटलं गुमानच आहे. पण गुमान एवढा तरुण कसा असेल.

त्यानं समोर उभ्या असलेल्या एस.टी.कडे बोट केलं. गाडीच्या कपाळावर हातभर अक्षरांत गावाचं नाव लिहिलेलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "ही गाडी कुठं जाते?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्यानं मला ओळखलं की नाही, मला कळलं नाही. त्याची नजर माझ्यावर नव्हती आणि त्या पाटीवरही नव्हती. मांडलेल्या पेपरांवरून ती दगडावरून फिरावी तशी फिरली.

मी त्याला गाडी कुठं जाते ते सांगितलं. त्यानं मान डोलावली, बायकोला खूण केली आणि दोघं गाडीत चढले.